नोकरी-संसार सांभाळून वीस वर्षं शेअर्स कसे धरावेत

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, पत्नी शाळेत शिक्षिका, चार वर्षांची मुलगी, गृहकर्ज चालू. सगळं भागवून महिन्याला १५ हजार उरतात. ते वीस वर्षांसाठी थेट शेअर्समध्ये घालायचे आहेत, पण दिवसभर बाजाराकडे बघायला वेळ नाही. हे जमेल का, आणि नेमकं कसं करायचं?

जमेल. रोज भाव बघायला वेळ नाही ही तर तुमची जमेची बाजू आहे. अडचण वेगळ्या ठिकाणी येते. दीर्घ मुदतीसाठी म्हणून घेतलेले शेअर्स लोक मध्येच विकतात, त्यामागे बहुतेक वेळा घरातली निकड असते. नोकरी गेली, वडिलांची शस्त्रक्रिया निघाली, घराचा ताबा घेताना पैसे कमी पडले. आणि ही निकड अनेकदा नेमकी मंदीतच येते. ८ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता. ९ मार्च २००९ ला तो ८,१६० वर होता. म्हणजे चौदा महिन्यांत ६१ टक्के घट, आणि त्याच महिन्यांत कंपन्या माणसंही कमी करत होत्या. २०२० मध्ये निफ्टी (५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) १४ जानेवारीच्या १२,३६२ वरून २३ मार्चला ७,६१० वर आला, तेव्हा कित्येक ठिकाणी पगारकपातीही चालू होत्या. हातात वेगळा पैसा नव्हता त्यांना त्या भावात विकावं लागलं. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये निफ्टीने जुना उच्चांक ओलांडला, पण तो फायदा त्यांना मिळाला नाही.

म्हणून पहिला शेअर घेण्याआधी घराची बाजू बांधून घ्या. हप्त्यासह तुमचा महिन्याचा खर्च ६० हजार धरला, तर सहा महिन्यांचे ३ लाख ६० हजार मुदत ठेवीत किंवा स्वीप खात्यात (जादा शिल्लक आपोआप ठेवीत नेणारं खातं) असायला हवेत. ते आज नसतील तर १५ हजारांतले १२ हजार तिकडे आणि ३ हजार इंडेक्स फंडात (निर्देशांकातल्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड), असं अडीच वर्षं करा. अडीच वर्षं वाया जातील असं वाटेल, पण त्यापुढची साडेसतरा वर्षं निवांत जायची तर हा पाया लागतोच. ही रक्कम ब्रोकरच्या खात्यात ठेवू नका आणि तिच्यातून कधी ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणून शेअर घेऊ नका.

विम्याचं लवकर सांगतो: दोघांच्याही नावे वार्षिक उत्पन्नाच्या दहा ते पंधरा पट टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा), आणि कंपनीच्या आरोग्य विम्याशिवाय स्वतःची किमान १० लाखांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एक आरोग्य पॉलिसी). कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, आणि नवी पॉलिसी घेतल्यावर आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो. त्यामुळे ती नोकरी चालू असतानाच घ्यायची.

गृहकर्जाबाबत माझं मत स्पष्ट आहे. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांहून जास्त असेल, तर आधी कर्ज कमी करा. साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे साडेआठ टक्के पक्का परतावा, आणि बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. हप्ता त्याहून कमी असेल, तर दरवर्षी बोनसमधून एक जादा हप्ता भरा आणि बाकी गुंतवणूक चालू ठेवा.

आता १५ हजारांची वाटणी. सगळे थेट शेअर्समध्ये घालू नका. ९ हजार निफ्टी ५० किंवा निफ्टी ५०० च्या इंडेक्स फंडात, डायरेक्ट प्लॅनमध्ये (मध्यस्थाच्या कमिशनशिवाय), पगार झाल्यावर दोन-तीन दिवसांत आपोआप जातील असे लावा. उरलेले ६ हजार दरमहा बाजूला ठेवा आणि तीन महिन्यांचे १८ हजार झाले की एका कंपनीचे शेअर्स घ्या. वर्षाला चार खरेद्या होतात. तीन-चार वर्षांत दहा-बारा कंपन्या जमतात. बारापेक्षा जास्त कंपन्या नोकरी करणाऱ्या माणसाला नीट वाचून होत नाहीत.

याचा वेळेचा हिशोबही मांडून बघा. बारा कंपन्या, प्रत्येकीच्या तिमाही निकालाला अर्धा तास, वर्षाचे चोवीस तास. प्रत्येकीच्या वार्षिक अहवालाला तीन तास, छत्तीस तास. एकूण साठ. म्हणजे आठवड्याला सव्वा तासही नाही. एवढा वेळ काढणं शक्य नसेल तर त्यात कमीपणा काही नाही. सगळे १५ हजार इंडेक्स फंडात घाला आणि थेट शेअर्सचा विचार सोडून द्या. अर्धवट वाचून घेतलेले शेअर्स पडझडीत धरून ठेवता येत नाहीत.

आकड्यांची अपेक्षाही आधीच ठरवलेली बरी. दरमहा ९ हजार वीस वर्षं, वर्षाला ८ टक्क्यांनी सुमारे ५३ लाख, १० टक्क्यांनी ६८ लाख, १२ टक्क्यांनी ८९ लाख होतात. महागाई ६ टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या ६८ लाखांची किंमत आजच्या हिशोबाने २१ लाखांच्या आसपास. एवढ्यावर निवृत्ती काढता येणार नाही. खरा फरक पडतो रक्कम दरवर्षी वाढवल्याने. तेच ९ हजार दर एप्रिलमध्ये १० टक्क्यांनी वाढवत नेले, तर १० टक्के परताव्यानेही १ कोटी ४० लाखांच्या घरात जातात, म्हणजे दुपटीहून जास्त. परतावा १० चा १२ करणं आपल्या हातात नसतं. पगारवाढ झाली की त्याच महिन्यात गुंतवणुकीचा हप्ता वाढवणं असतं.

तुम्ही आयटीत आहात, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो: थेट घेतलेल्या शेअर्समध्ये आयटी कंपनी नको. पगार त्याच क्षेत्रातून, बोनस त्यावरच, कंपनीचे शेअर्स मिळत असतील तर तेही तेच, आणि हिंजवडी-वाकड पट्ट्यात घर असेल तर त्याची मागणीही त्याच नोकऱ्यांवर उभी आहे. निफ्टीच्या फंडात आयटी कंपन्या आहेतच, तेवढ्या पुरेत. स्वतःच्या कंपनीचे मिळालेले शेअर्सही हाती पडतील तसे टप्प्याटप्प्याने विकून दुसरीकडे वळवा. आपल्याच कंपनीची आपल्याला जास्त माहिती असते असं वाटतं, पण कर्मचाऱ्याला आपला विभाग दिसतो, ताळेबंद दिसतो असं नाही.

कंपनी निवडताना सुरुवात ज्याचा नफा-तोटा तुम्हाला समजू शकतो अशा धंद्यापासून करा: रंग, पंप, बेअरिंग, औषधं, सिमेंट, खासगी बँक. मग दहा वर्षांचे आकडे काढा. त्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एकच मेळ: एकूण निव्वळ नफा आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड. पाच वर्षांत मिळून नफा ५०० कोटी दाखवला आणि रोख प्रवाह पत्रकात धंद्यातून आलेली रोकड १८० कोटीच असेल, तर उरलेले ३२० कोटी कुठे अडकले हे शोधायचं. बहुधा ते ग्राहकांकडच्या उधारीत किंवा न विकलेल्या मालात सापडतात. वाढत्या कंपनीत थोडं अडकणं स्वाभाविक आहे, पण रोकड नफ्याच्या ७०-८० टक्क्यांच्या खाली वर्षानुवर्षं राहत असेल तर ती कंपनी सोडून द्या. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या अध्यक्षांनी कबुलीपत्र दिलं तेव्हा ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड आणि बँक शिल्लक प्रत्यक्षात नव्हतीच. म्हणून रोकड भरपूर दिसली तर त्या ठेवींवरचं व्याज त्या प्रमाणात येतं का, हेही ताडून पाहा. शंभर कोटींची ठेव आणि व्याज दोन कोटी, हे जुळत नाही.

त्याखालोखाल कर्ज. उत्पादन करणाऱ्या कंपनीचं कर्ज तिच्या स्वतःच्या भांडवलाच्या निम्म्याहून जास्त नको. गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा १५ टक्क्यांच्या वर सातत्याने हवा. प्रवर्तकांनी (कंपनी उभी करणारे, तिचा ताबा असणारे) आपले शेअर्स तारण ठेवले असतील तर मी त्या कंपनीकडे वळू नका असंच सांगेन, कारण भाव पडला की कर्ज देणारा ते शेअर्स बाजारात ओततो आणि पडझड आणखी वाढते. तारणाचा आकडा दर तिमाहीला एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर भागधारणेच्या तक्त्यात असतो. बँका आणि वित्त कंपन्यांना हे निकष लागू होत नाहीत. तिथे बुडीत कर्जाचं प्रमाण, भांडवल पर्याप्तता (दिलेल्या कर्जांच्या मानाने स्वतःचं भांडवल किती) आणि ठेवी कुठून येतात हे बघावं लागतं. हे कळत नसेल तोवर त्या क्षेत्राचा वाटा इंडेक्स फंडावर सोडा.

चांगली कंपनी मिळाली तरी भावाचा प्रश्न राहतोच, आणि इथे जाणकार माणसंही घाईत चुकतात. शेअरचा भाव कंपनीच्या प्रतिशेअर नफ्याच्या ६० पट असताना तुम्ही घेतलात. कंपनीने पाच वर्षं १५ टक्क्यांनी नफा वाढवला, म्हणजे नफा दुप्पट झाला. एवढ्यात बाजाराने ६० पटीऐवजी ३० पट द्यायचं ठरवलं. भाव जिथल्या तिथे. कंपनीने काहीही वाईट केलं नाही आणि तुमची पाच वर्षं नुसत्या लाभांशावर (कंपनी नफ्यातून वाटते ती रक्कम) गेली. हिंदुस्थान युनिलिव्हरचा शेअर २००० च्या सुमारास आणि २०१० च्या सुरुवातीला साधारण त्याच पातळीवर होता. साबण, चहा, टूथपेस्ट घरोघरी जातच होती. उपाय एवढाच की भाव प्रतिशेअर नफ्याच्या किती पट, हे कंपनीचं गेल्या दहा वर्षांचं गुणोत्तर काढा, आणि आजचा भाव त्याच्या सरासरीपेक्षा बराच वर असेल तर पुढच्या तिमाहीपर्यंत थांबा, त्या तिमाहीत यादीतली दुसरी कंपनी घ्या. म्हणूनच तपासून ठेवलेली पाच-सहा नावं कायम तयार असावीत.

प्रत्यक्ष खरेदी. बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो. तुम्ही कामात असता, म्हणून रात्रीच आफ्टर मार्केट ऑर्डर टाका, आणि ती लिमिट ऑर्डर असू द्या, म्हणजे ठरवलेल्या भावाच्या वर खरेदी होणार नाही. ऑर्डर टाकताना डिलिव्हरीचा (शेअर्स आपल्या खात्यात ठेवण्याचा) पर्याय निवडलाय ना, हे दोनदा बघा. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकायचा) निवडला गेला तर दुपारी ब्रोकर शेअर्स आपोआप विकून टाकतो. आणखी एक नवा घोळ म्हणजे एमटीएफ. अनेक अ‍ॅपवर हा पर्याय ठळकपणे समोर येतो. त्यात शेअरच्या रकमेचा काही भागच तुम्ही भरता, उरलेली रक्कम ब्रोकर उधार देतो आणि रोज व्याज लावतो. शेअर्स तारण जातात. दीर्घ मुदतीच्या माणसाने हे बटण दाबू नये. फ्युचर्स-ऑप्शन्सचा (भावाच्या पुढच्या हालचालीवर केलेल्या सौद्यांचा) विभाग खात्यावर सुरूच करू नका. बाजार नियामक सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला.

खरेदी झाली की त्याच रात्री एका जाड वहीत त्या कंपनीसाठी एक पान उघडा. तारीख, संख्या, भाव. खाली तीन-चार वाक्यांत ‘का घेतला’. त्याखाली ‘काय घडलं तर विकेन’, तेही नेमकं: कर्ज भांडवलाच्या बरोबरीला आलं तर, सलग दोन वर्षं रोकड नफ्याच्या निम्म्याखाली गेली तर, लेखापरीक्षकाने मुदतीच्या आधी राजीनामा दिला तर. ‘भाव पडला तर’ हे कारण त्या यादीत नको. हे पान मराठीत आणि घरातल्या दुसऱ्याला कळेल अशा भाषेत लिहा. तीन वर्षांनी बातम्यांचा गोंधळ चालू असताना, आपण काय विचार करून हा शेअर घेतला होता हे आठवणीतून सांगता येत नाही. आठवण भावाच्या रंगात रंगते. वहीतलं वाक्य तसंच राहतं.

धरून ठेवणं म्हणजे विसरून जाणं असं अनेकांना वाटतं, आणि त्यासाठी दाखला अंमळनेरचा दिला जातो. जळगाव जिल्ह्यातल्या या गावात डिसेंबर १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली, तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या अनेक कुटुंबांनी ते शेअर्स पिढ्यान्‌पिढ्या धरले, बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर्स) आणि विभाजनांनी (एका शेअरचे अनेक होण्याने) त्यांची संख्या वाढत गेली आणि कुटुंबं श्रीमंत झाली. हे खरं आहे आणि त्या लोकांच्या संयमाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याच काळात मुंबईच्या कापड गिरण्यांचे शेअर्सही लोकांनी तेवढ्याच निष्ठेने धरले होते, आणि १९८२ च्या संपानंतर त्यातल्या बहुतेक गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्या कागदांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. अलीकडचं बघा: गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएलच्या भागधारकांना २०२१ मध्ये दिवाळखोरी प्रक्रिया पूर्ण झाली तेव्हा शून्य रुपये मिळाले आणि शेअर बाजारातून उतरवला गेला.

येस बँकेचं उदाहरण तर भाव पडला की आणखी घेऊन खरेदीची सरासरी खाली आणणाऱ्यांनी नीट अभ्यासावं. ऑगस्ट २०१८ मध्ये भाव ४०० च्या आसपास होता. २०० ला आला तेव्हा स्वस्त वाटला, १०० ला त्याहून स्वस्त. मार्च २०२० मध्ये एका दिवशी तो १० रुपयांच्याही खाली जाऊन आला, आणि पुनर्रचनेच्या योजनेत १०० किंवा त्याहून जास्त शेअर्स असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर्स तीन वर्षांसाठी गोठवले गेले. म्हणून मर्यादा आधीच लिहून ठेवा: एका कंपनीत, खरेदी किमतीने, थेट शेअर्सच्या एकूण रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त घालायचे नाहीत, एका क्षेत्रात २५ टक्क्यांहून जास्त नाहीत. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत कंपन्या कमी असल्याने हे प्रमाण पाळता येत नाही. तेव्हा पुढे होऊ घातलेली पूर्ण रक्कम धरून हिशोब करा. भाव वाढल्यामुळे एखाद्या कंपनीचा वाटा २० टक्के झाला तर घाईने छाटू नका. तोटा होणारा शेअर वाढवणं आणि नफ्यातला शेअर वाढू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वर्षभराचं वेळापत्रक असं बसतं. तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्याला, मेअखेरीस, ऑगस्टच्या आणि नोव्हेंबरच्या मध्याला एकेक शनिवार-रविवार पुरतो. विक्री, नफा, कर्ज आणि प्रवर्तकांचा वाटा एवढंच वहीच्या पानावर चार आकड्यांत उतरवायचं. वार्षिक अहवाल जुलै-ऑगस्टमध्ये येतात. ते शेवटून वाचायला घ्या: आधी लेखापरीक्षकाचा अहवाल आणि त्याने नोंदवलेले आक्षेप, मग रोख प्रवाह, मग संबंधित व्यक्तींशी व्यवहार (प्रवर्तकाच्याच दुसऱ्या कंपनीला भाडं, कर्ज, कमिशन जातंय का), मग संभाव्य देणी. अध्यक्षांचं मनोगत सगळ्यात शेवटी. त्यातलं गेल्या तीन वर्षांचं मनोगत शेजारी ठेवून वाचलं की कोणती आश्वासनं चुपचाप गायब झाली ते दिसतं. वार्षिक सभा आता बहुतेक ऑनलाइन होतात. आधी नोंदणी केली तर दहा शेअर्सवाल्यालाही प्रश्न विचारता येतो, तो जरूर विचारा.

या चार वेळांखेरीज भाव बघायची गरज नाही. अ‍ॅपच्या सूचना बंद करा. ऑफिसातल्या गटांत आणि घरच्या समारंभात शेअर्सचा विषय निघतो, कुणाचा तरी भाव चौपट झालेला असतो. त्या चार पटीत त्याने किती रुपये घातले होते आणि बाकीच्या शेअर्सचं काय झालं, हे क्वचितच सांगितलं जातं. त्यावरून आपल्या वाटणीत बदल करू नका. एखादा शेअर विकायची तीव्र इच्छा झालीच, तर वहीचं पान उघडा, त्या दिवसाची तारीख घालून कारण लिहा आणि तीन दिवस थांबा. तीन दिवसांनी ते कारण यादीतल्या अटींपैकी एक असेल तर विका, आणि मग भाव खरेदीपेक्षा खाली आहे म्हणून थांबू नका. मंदी किती लांबू शकते हेही आधी माहीत असावं. ५ नोव्हेंबर २०१० ला लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यात सेन्सेक्स २१ हजारांवर बंद झाला. त्यानंतर तो त्यावर बंद व्हायला ऑक्टोबर २०१३ चा शेवट उजाडला. तीन वर्षं काहीच घडत नाही असा काळ पडझडीपेक्षाही माणसाला जास्त थकवतो, आणि गुंतवणुकीचे हप्ते बहुतेक तेव्हाच बंद पडतात. त्या तीन वर्षांत घेतलेले फंडाचे युनिट्सच पुढे सगळ्यात जास्त कामी आले.

आता कागदपत्रं. याकडे दुर्लक्ष झाल्याने बुडालेले पैसे पाहिले की वाईट वाटतं, कारण ते टाळता येण्यासारखं असतं. लाभांश थेट बँक खात्यात येतो. खातं बदललं, किंवा बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी कोड बदलला, आणि डिमॅटमध्ये (शेअर्स इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवणारं खातं) दुरुस्ती झाली नाही, तर लाभांश परत जातो. २०१९ मध्ये देना बँक आणि विजया बँक बँक ऑफ बडोद्यात गेल्या तेव्हा अशा दुरुस्त्या कराव्या लागल्या. सलग सात वर्षं लाभांश घेतला गेला नाही तर लाभांशच काय, शेअर्सही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. परत मिळतात, पण आयईपीएफ-५ अर्ज, कंपनीची पडताळणी आणि बराच काळ पाठपुरावा करून. आजोबांच्या ट्रंकेत कागदी शेअर्स सापडले तर तेही तपासा. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर्स दुसऱ्याला विकता येत नाहीत, आधी डिमॅट करावे लागतात.

ब्रोकरच्या अ‍ॅपवर दिसणारे शेअर्स हा पुरावा मानू नका. शेअर्स असतात डिपॉझिटरीत, म्हणजे एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडे, आणि तिथून व्यवहार झालेल्या महिन्याचं एकत्रित खातेपत्रक ईमेलवर येतं. त्यातली संख्या वहीशी जुळवा. २०१९ मध्ये कार्वी या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर्स तारण ठेवल्याचं उघड झालं तेव्हा हा फरक हजारो लोकांना कळला. विकताना दर वेळी टीपिन (डिपॉझिटरीचा गुप्त क्रमांक) आणि ओटीपी मागणारी पद्धत थोडी कटकटीची आहे, पण तीच ठेवा. डिमॅटमधली किंमत ४ लाखांच्या आत असेल आणि ते तुमच्या नावावरचं एकमेव खातं असेल, तर मूलभूत सेवा डिमॅट खात्याला वार्षिक शुल्क नसतं. ४ ते १० लाखांपर्यंत १०० रुपये असतं.

हक्कभागाच्या वेळी जागे राहा. जुन्या भागधारकांना सवलतीत शेअर्स देऊ करताना त्याचे हक्क डिमॅटमध्ये वेगळे जमा होतात. मे २०२० मध्ये रिलायन्सने १५ शेअर्सना १ असे १,२५७ रुपयांना दिले होते. ते हक्क मुदतीत वापरले नाहीत किंवा विकलेही नाहीत तर रद्द होतात, पैसे मिळत नाहीत. बोनस शेअर्सची खरेदी किंमत करासाठी शून्य धरली जाते आणि आधी घेतलेले आधी विकले असं मानलं जातं. कंपनी दुभंगली तर मूळ किमतीची वाटणी कंपनी जाहीर करते, ती त्याच दिवशी वहीत लिहा. दहा वर्षांनी शोधत बसायला नको.

नॉमिनी दोघांच्याही खात्यात लावा, आणि मृत्युपत्रही करा. नॉमिनी शेअर्स ताब्यात घेतो, मालक होतोच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. वर्षातून एकदा, वहीचं वाचन दोघांनी मिळून करा. कुठे खाती आहेत, कोणत्या ईमेलवर खातेपत्रक येतं, विमा कुठला, हे पहिल्या पानावर असू द्या. एकालाच सगळं माहीत असणं हा या सगळ्या योजनेतला मोठा धोका आहे.

कराचं थोडक्यात. २३ जुलै २०२४ पासून बारा महिन्यांहून जास्त धरलेल्या शेअर्सच्या नफ्यावर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यावर १२.५ टक्के, बारा महिन्यांच्या आत विकले तर २० टक्के. लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो. तोटा झाला असेल तर विवरणपत्र मुदतीत भरा, तरच तो पुढच्या आठ वर्षांत वळता करता येतो. पत्नीच्या खात्यात तिच्याच पगारातली रक्कम घाला. तुम्ही दिलेल्या पैशांवरचा नफा तुमच्याच उत्पन्नात धरला जातो, आणि सव्वा लाखाची तिची स्वतंत्र सूट त्या रकमेला मिळत नाही.

मुलीच्या शिक्षणाचा पैसा वीस वर्षांचा नाही, हेही ध्यानात घ्या. ती बारावी होईल तोवर तेरा-चौदा वर्षं आहेत. त्यासाठीचा हप्ता वेगळ्या फोलिओत (फंडातलं खातं) ठेवा आणि दहावीच्या वर्षापासून, म्हणजे गरजेच्या तीन वर्षं आधी, दरवर्षी एक तृतीयांश काढून मुदत ठेवीत नेत जा. त्या वर्षी बाजार वर असो वा खाली, तो तृतीयांश निघालाच पाहिजे. मार्चअखेरीस एक भाग आणि एप्रिलच्या सुरुवातीला एक भाग काढलात तर दोन आर्थिक वर्षांची करमुक्त मर्यादा वापरता येते.